आठवे प्रकरण पहिले व्हावे

मराठी शाळांत लहान मुलांसाठी ‘परिसर अभ्यास’ या नावाचा जो विषय असतो, त्याच्या नावातच एक शहाणपण साठवलेले आहे. परिसर म्हणजे जे आपल्या सभोवार पसरले आहे ते. आणि म्हणून ज्या मुलाला अद्याप जगाचा नकाशा वाचता येत नाही, त्याला प्रथम आपल्या जिल्ह्याच्या नद्या, डोंगर, पिके आणि बाजाराची गावे सांगावीत, हा विचार तो विषय योजणाऱ्यांच्या मनात निश्चितच होता. हेच मूल दहा-अकरा वर्षांनी पदवीच्या वर्गात येऊन बसते, तेव्हा तोच विषय ‘पर्यावरणशास्त्र’ हे भारदस्त नाव धारण करून त्याला पुन्हा भेटतो. परंतु मधल्या काळात त्यातून त्याचा जिल्हा, त्याचा तालुका, त्याचे गाव आणि त्याच्या शेताच्या बांधावरची बाभूळ ही सारी निघून गेलेली असतात. ज्ञानाचा विस्तार होत असताना त्याचे मूळच उपटले जावे, ही गोष्ट मला अत्यंत खेदाची वाटते. आणि धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यातील अणदूरसारख्या गावी, जेथे महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर पाऊल टाकताच या शास्त्राचे एकेक प्रकरण उघडे पडलेले दिसते, तेथे तर तिची खंत अधिकच जाणवते.

हा विषय महाविद्यालयांत आला तो न्यायालयाच्या हुकुमाने. विधिज्ञ महेशचंद्र मेहता यांच्या याचिकेवर २२ नोव्हेंबर १९९१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणाचे शिक्षण सक्तीचे करावे, असा निर्देश दिला. त्याची अंमलबजावणी पदवीच्या वर्गापर्यंत पोहोचण्यास एक तप लोटले, न्यायालयास पुन्हा लक्ष घालावे लागले, आणि मग विद्यापीठ अनुदान आयोगाने कला, वाणिज्य, विज्ञान अशा सर्व शाखांच्या विद्यार्थ्यांसाठी सहा महिन्यांचा एक अभ्यासक्रम सिद्ध केला. त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या भारती विद्यापीठातील डॉ. एरच भरुचा यांनी लिहिले. व्यवसायाने शल्यविशारद आणि वृत्तीने वन्यजीवनाचे अभ्यासक अशा या लेखकाने विषयाची मांडणी व्यापक केली. तासिका पन्नास आणि प्रकरणे आठ. नैसर्गिक संसाधने, परिसंस्था, जैवविविधता, प्रदूषण, सामाजिक प्रश्न, लोकसंख्या असे पहिल्या सात प्रकरणांचे विषय, आणि आठवे प्रकरण क्षेत्रकार्याचे. या आठव्या प्रकरणात जवळची नदी, माळ किंवा टेकडी पाहून तिची नोंद करणे, जवळचे एखादे दूषित स्थळ पाहणे, परिचयाच्या वनस्पती, कीटक आणि पक्षी ओळखणे, आणि एखाद्या तळ्याची वा डोंगरउताराची परिसंस्था समजून घेणे, एवढे काम सांगितलेले आहे. त्यासाठी तासिका दिल्या पाच. आणि शंभरांपैकी गुण दिले पंचवीस.

मला जे सांगावयाचे आहे ते एका वाक्यात मावते. हे आठवे प्रकरण पहिले व्हावे, आणि उरलेली सात त्याच्या पोटी जन्माला यावीत.

आज प्रत्यक्षात घडते ते याच्या नेमके उलट. पहिली सात प्रकरणे मार्गदर्शक पुस्तिकांतून पाठ केली जातात, ओझोनचा थर आणि हरितगृह परिणाम यांवर टिपा लिहिल्या जातात, आणि क्षेत्रकार्य हे परीक्षेच्या आदल्या आठवड्यात उरकावयाचे एक लेखनकार्य होऊन बसते. काही वर्षांपूर्वी एका ठिकाणी अशा प्रकल्पवह्या पाहण्याचा प्रसंग मजवर आला. त्या ठिकाणाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण स्थिती बहुतेक सर्वत्र तीच आहे. गठ्ठ्यातील बहुसंख्य वह्यांत एकाच तलावाचे वर्णन एकाच शब्दांत उतरवलेले होते, आणि तो तलाव कोठला, असे विचारले असता समोर बसलेल्या मुलांपैकी एकासही उत्तर देता आले नाही. ती मुले आळशी नव्हती. पहाटे उठून धारा काढून, एसटी पकडून, वेळेवर वर्गात येणारी ती मुले होती. त्यांच्यापैकी कित्येकांच्या शेतात विहीर होती, आणि त्या विहिरीचे पाणी कोणत्या महिन्यात तळाला जाते हे त्यांना तोंडपाठ होते. हे ज्ञान वहीत लिहिण्याच्या योग्यतेचे आहे, एवढेच त्यांना कोणी सांगितले नव्हते.

विहिरीपासूनच आरंभ करू. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून वारंवार उसळलेल्या लाव्हारसाचे थर एकावर एक निजून दख्खनचे जे पठार झाले, त्याच्याच पाठीवर बालाघाटच्या रांगा आणि हा सारा मुलूख उभा आहे. या काळ्या पाषाणाच्या अंगी स्वतःचे पाणी धरण्याची शक्ती फारशी नाही. जे पाणी राहते ते वरच्या मुरमात, झिजलेल्या थरांत आणि खडकाच्या भेगाचिरांत. विहीर खोदणारे लोक कठीण पाषाण आणि सच्छिद्र, ठिपकेदार ‘मांजऱ्या’ खडक यांतला भेद पहारीच्या आवाजावरून ओळखतात, आणि विहिरीची खोली फुटांत सांगण्याऐवजी ‘परसां’त सांगतात, एक परस म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या पुरुषाची उंची. हे सारे भूजलशास्त्र आहे. ज्या मुलीने आपल्या आजोबांकडून मांजऱ्या खडकाला पाझर कसा फुटतो हे ऐकले, तिला भूस्तर आणि पुनर्भरण या संज्ञा समजावण्यास पाव तास पुरेल. आणि जिने त्या संज्ञा केवळ पाठ केल्या, तिला सहा महिन्यांनंतर त्यांतील एकही आठवणार नाही. शेजारच्या शेतात तीनशे-चारशे फुटांचे बोअर पडले म्हणजे आपल्या सात परस विहिरीचा झरा का आटतो, साठ मीटरहून खोल विहिरींवर निर्बंध घालण्याची तरतूद करणारा महाराष्ट्राचा भूजल कायदा २००९ साली का करावा लागला, आणि तो कागदावरून शिवारात उतरण्यास अडचण कोणती, हे प्रश्न मग तिच्या मनात आपोआप उभे राहतील. निसर्गशास्त्र, अर्थशास्त्र आणि कायदा या तिन्ही विद्या त्या एका विहिरीच्या काठावर एकत्र येतात.

विहिरीवरून नदीवर यावे. अणदूरच्या शेजारी नळदुर्ग, आणि नळदुर्गच्या किल्ल्यातून वाहणारी बोरी. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या राजवटीत, इ.स. १६१३ च्या सुमारास, मीर इमादीन या स्थापत्यविशारदाने किल्ल्यातच बोरीवर बांध घातला आणि त्या बांधाच्या पोटात पाणीमहाल रचला. नर आणि मादी या दोन धबधब्यांतून पाणी कोसळत असता आतील दालनात उभा असलेला माणूस कोरडा राहतो. पावसाळ्यात दूरदूरचे लोक हे दृश्य पाहण्यास येतात, आणि त्यांनी अवश्य यावे. परंतु पर्यावरणशास्त्राच्या विद्यार्थ्याने तेथे उभे राहून दृश्याच्या पलीकडे पाहिले पाहिजे. चारशे वर्षांपूर्वी नदीचा वेग, खडकाचा उतार आणि पुराची उंची यांचा हिशेब करणाऱ्या माणसाने तो हिशेब कशाच्या आधारे केला असेल? पाण्याबरोबर येणारा गाळ कोठे साठतो? वरच्या बाजूला नव्या काळात धरण झाल्यावर धबधब्याचे दिवस वर्षातून किती उरले? पुढे अक्कलकोटच्या अंगाने भीमेकडे जाताना बोरी आपल्याबरोबर काय काय वाहून नेते? याच किल्ल्यात १८५३ पासून चार वर्षे मेडोज टेलर हा अधिकारी राहून आसपासच्या जिल्ह्याचा कारभार पाहत होता. जमिनीची पैमाईश, जमाबंदी, रस्ते आणि तलाव ही त्याची कामे होती. सरकारास महसूल हवा म्हणून त्याने मुलूख मोजला. आज आपल्या मुलांनी तो पुन्हा मोजावा. कारण एवढेच की, तो त्यांचा आहे.

नदीवरून माळावर. महसुली दप्तरात ज्या जमिनीस ‘पडीक’ किंवा ‘गायरान’ म्हणतात, तिच्याविषयी एक फार जुना गैरसमज आपल्या भाषेतच रुतून बसला आहे. जेथे पेरणी होत नाही ती भूमी निरुपयोगी, हा तो समज. वास्तविक सोलापूर-धाराशिवचा कोरडा माळ ही स्वतंत्र आणि परिपूर्ण परिसंस्था आहे. पवन्या, मारवेल, कुसळी ही तिची गवते, हिवर आणि बोर ही तिची झाडे, लांडगा, खोकड, काळवीट हे तिचे प्राणी, आणि टिटवी, चंडोल, धाविक हे तिचे पक्षी. सोलापूरजवळचे नान्नज हे माळढोकाच्या अभयारण्यासाठी सर्व देशाला माहीत झाले. १९७९ साली ते अभयारण्य घोषित झाले, आणि तेवढे करूनही तो पक्षी आज आपल्या मुलखातून जवळजवळ नाहीसा झाला आहे. माळ नांगरला गेला, त्याची खडी झाली, त्यावरून विजेच्या तारा गेल्या, आणि कित्येकदा तर हितबुद्धीनेच त्यावर परकी झाडे लावली गेली. ‘झाडे लावली म्हणजे पर्यावरण राखले’ एवढेच जो शिकला, त्याला गवताचा हा मृत्यू मृत्यू वाटतच नाही. गावच्या गायरानात एक चौरस मीटरची चौकट आखून तीत ऑगस्टमध्ये किती जातीचे गवत उगवले आणि मार्चमध्ये त्यांपैकी काय उरले, एवढे जरी पदवीच्या विद्यार्थ्याने एकदा मोजले, तरी जैवविविधता हा शब्द त्याच्यासाठी कायमचा जिवंत होईल. ज्या गुराख्याला त्या गवतांची नावे आणि गुणदोष ठाऊक आहेत, त्याच्यापुढे विद्यार्थी म्हणून बसण्याचा प्रसंगही त्याला त्याच निमित्ताने लाभेल, आणि हा लाभ कोणत्याही गुणांहून मोठा आहे.

पावसाचे प्रकरण तर आमच्या जिल्ह्यास सर्वांत निकटचे. येथील शेतकरी आजही मृग, आर्द्रा, उत्तरा, हस्त या नक्षत्रांनी पाऊस ओळखतो, परंतु त्याच्या नुकसानीचा निवाडा मात्र मिलिमीटरने होतो. महसूल मंडळातील पर्जन्यमापकात चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटर पाऊस नोंदला गेला तर अतिवृष्टी, अन्यथा नाही; आणि पैसेवारी पन्नासांच्या खाली आली तर दुष्काळ, अन्यथा नाही, असा दंडकही बरीच वर्षे होता. ढग मात्र मंडळाच्या हद्दी पाळत नाहीत. एका शिवारात सोयाबीन पाण्याखाली जाते आणि काही कोसांवरील मापकात पाऊस बेताचाच नोंदलेला असतो, ही व्यथा मराठवाड्यातील प्रत्येक गावाने भोगलेली आहे. अशा वेळी महाविद्यालयाच्या आवारात एक साधा पर्जन्यमापक, आणि निरनिराळ्या वाड्यावस्त्यांतून येणाऱ्या वीस-पंचवीस विद्यार्थ्यांच्या घरी तसेच वीस-पंचवीस मापक असतील, आणि त्यांची रोज सकाळी साडेआठला घेतलेली नोंद दहा वर्षे अखंड राहील, तर तो केवळ शैक्षणिक उपक्रम उरणार नाही. अर्ज करताना, हरकत घेताना, विम्याचा दावा मांडताना गावाला आधार देणारा तो एक दस्तऐवज होईल. सरकारी नोंदीची जागा तो घेणार नाही हे खरे. परंतु सरकारी नोंद कोठे अपुरी पडते, हे दाखवून देण्याचे सामर्थ्य त्यात नक्कीच असेल.

या विषयाचा जगाशी आणि जगाचा आपल्याशी संबंध कसा जुळतो, हेही याच वाटेने उमगते. १९७२ च्या जूनमध्ये स्टॉकहोम येथे मानवी पर्यावरणावरील पहिली मोठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि भारताच्या पंतप्रधान इंदिरा गांधी तेथे बोलल्या. त्याच वर्षी महाराष्ट्राने आपला तो भीषण दुष्काळ पाहिला, ज्याच्या स्मृती आमच्या घराघरांतील वृद्धांच्या बोलण्यात खडी फोडण्याच्या, सुकडीच्या आणि पाझर तलावांच्या रूपाने अद्याप जिवंत आहेत. त्याच दुष्काळाच्या कामांतून पुढे रोजगार हमीची कल्पना कायद्यात रुजू झाली, आणि १९७२ सालीच राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा जन्मास आली. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातुरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. आणि २०२५ च्या सप्टेंबरात आमच्याच जिल्ह्यातील परंडा-भूम भागात पुराने घरे आणि गुरे वाहून गेली. एक दशकही न लोटता ही दोन टोके ज्या मुलांनी पाहिली, त्यांना हवामानबदल समजावण्यासाठी उत्तर ध्रुवावरील हिमखंडांचे चित्र दाखवण्याची आवश्यकता नाही. स्वतःच्या अंगणातील नोंदवही उघडून तीतून त्यांना ध्रुवापर्यंत नेता येईल, आणि तो प्रवास त्यांच्या बुद्धीस अधिक पटेल.

या सूचनेवर आक्षेप घेतले जातील, आणि त्यांतील काही रास्त आहेत. अनेक महाविद्यालयांत या विषयासाठी स्वतंत्र अध्यापक नसतो. ज्याच्याकडे कार्यभार कमी, त्याच्या माथी हा विषय येतो, मग तो इतिहासाचा असो की वाणिज्याचा. विद्यार्थिसंख्या मोठी, वाहनाची सोय नाही, मुलींना संध्याकाळच्या गाडीने घरी परतणे भाग असते. हे सर्व खरे आहे. परंतु सहलीसाठी बस ठरवणे म्हणजेच क्षेत्रकार्य, अशी समजूत असेल तरच या अडचणी अनुल्लंघनीय वाटतात. विद्यार्थी ज्या घरातून येतो, ज्या बांधावरून चालतो, ज्या विहिरीतून पाणी शेंदतो, तेच त्याचे क्षेत्र आहे. तेथे पोहोचण्यास त्याला कोणतेही वाहन लागत नाही. राहिला प्रश्न अध्यापकाचा. इतिहासाच्या अध्यापकाने गावच्या बारवा आणि आड यांचा इतिहास लिहवून घ्यावा, अर्थशास्त्राच्या अध्यापकाने ज्वारीकडून सोयाबीनकडे आणि उसाकडे वळलेल्या शेतीचा पाण्यासह हिशेब मांडावा, मराठीच्या अध्यापकाने गवतांची, वाऱ्यांची, मातीच्या जातींची बोलीतील नावे जमवावीत. प्रत्येक विद्येला येथे काम आहे. अभ्यासक्रमाच्या कर्त्यांनी तो सर्व शाखांसाठी केला, त्यातील मर्म हेच असावे.

आणखी एक आक्षेप असा की, सामान्य मुलांच्या हातून शास्त्रशुद्ध नोंदी होतील यावर विश्वास कसा ठेवावा. या आक्षेपाला उत्तर देण्यास अणदूरइतके समर्थ गाव दुसरे क्वचितच सापडेल. डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून येथे जे काम उभे केले, त्याचा कणा होत्या ‘भारतवैद्य’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खेड्यांतील स्त्रिया. बहुतेकींचे शालेय शिक्षण बेताचे. परंतु त्यांना प्राथमिक आरोग्याचे ज्ञान दिले गेले, त्यांच्यावर विश्वास टाकला गेला, आणि आपापल्या गावातील आजाराची, बाळंतपणाची, कुपोषणाची जबाबदारी त्यांनी समर्थपणे पेलली. ज्या गावाने अल्पशिक्षित स्त्रियांच्या हाती आरोग्याचे शास्त्र दिले आणि त्याचे फळ पाहिले, त्या गावाने पदवीच्या उंबरठ्यावरील आपल्या मुलामुलींच्या हाती एक दोरी, एक वजन आणि एक वही देऊन विहिरीची पातळी मोजण्यास सांगितले, तर त्यात साहस ते कोणते? सरकारची भूजल यंत्रणा निवडक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते. आमची मुले प्रत्येक पंधरवड्याला घेऊ शकतील, आणि एका विहिरीऐवजी शंभर विहिरींची घेऊ शकतील.

तजवीज कोणती करावी, तेही स्पष्ट सांगतो. पहिल्या सत्राच्या पहिल्या तासिकेस प्रत्येक विद्यार्थ्याने एक स्थळ निवडावे. विहीर, ओढा, गायरानाचा तुकडा, रस्त्याकडेची झाडे, उकिरडा किंवा बाजाराच्या दिवशी साचणारा कचरा, काहीही. वर्षभर त्याच स्थळाची नोंद ठेवावी, आणि अध्यापकाने पहिली सात प्रकरणे त्या नोंदींतून निघणाऱ्या प्रश्नांच्या क्रमाने शिकवावीत. क्षेत्रकार्याचे गुण पंचवीसांवरून निदान पन्नासांवर न्यावेत. नव्या शैक्षणिक धोरणाने क्षेत्र प्रकल्प आणि समाजसहभाग यांना श्रेयांक दिलेले आहेतच. ते श्रेयांक याच कामास जोडल्यास विद्यार्थ्यावर अधिक भार न पडता त्याला अधिक वेळ मिळेल. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जी समिती आणि जी लोकजैवविविधता नोंदवही अपेक्षिली आहे, आणि जिच्यासाठी माधव गाडगीळांसारख्या शास्त्रज्ञाने आपली वर्षे वेचली, ती घाईने भरलेल्या तक्त्यांचे बाड न राहता या मुलांच्या हातून दरवर्षी जिवंत होत राहावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वर्षाच्या अखेरीस विद्यार्थ्यांनी आपले निष्कर्ष ग्रामसभेत वाचून दाखवावेत. परीक्षकापुढे खोटी नोंद खपते. ज्या शेतकऱ्याच्या विहिरीची ती नोंद आहे, त्याच्यापुढे खपत नाही.

अणदूर आणि नळदुर्ग या दोन गावांचा खंडोबा एकच आहे. वर्षातील बहुतेक महिने देव अणदुरास राहतो आणि उरलेला काळ नळदुर्गास, मैलारपुरी. आणि तो एका गावाहून दुसऱ्या गावी जाताना दोन्हीकडील मानकरी लेखी करार करतात, देव कधी न्यावयाचा आणि कधी परत आणावयाचा हे कागदावर नोंदतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या तो शब्द पाळतात. जे आपल्या एकट्याचे नाही, ते वाटून कसे घ्यावे, आणि मुदत संपताच दुसऱ्याच्या स्वाधीन कसे करावे, ही रीत या भूमीस कोणी बाहेरून येऊन शिकवलेली नाही. पाणी, माळ आणि माती यांच्या बाबतीत मात्र असा कोणताही कागद आपण अद्याप लिहिलेला नाही, कारण आपल्या वाट्यास काय आले आणि आपण पुढच्यांच्या स्वाधीन काय करणार आहोत, याची मोजदादच कधी झालेली नाही. पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्या विहिरीची वही नव्याने वर्गात आलेल्या विद्यार्थ्याच्या हाती द्यावी, तारीख घालून दोघांनी त्यावर सही करावी, आणि त्या दिवशी पाणी किती परस खोल होते ते शेवटच्या ओळीत लिहून ठेवावे.